कोल्हापुरातून कोकण किनाऱ्यावर श्रमदानाला जायचंय, पण नेमकं करायचं काय?

पेठेतला पश्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमच्या तालमीतली आणि कॉलेजातली मिळून पंचवीस-तीस पोरं आहेत. हिवाळ्यात मालवण-तारकर्लीची ट्रिप ठरलेलीच असते. यंदा नुसतं खाऊन, डुंबून, फोटो काढून परत येण्यापेक्षा एक दिवस किनारा साफ करूया असं निघालंय. शनिवारी पहाटे बसनं गगनबावड्यावरून खाली उतरायचं, रविवारी सकाळी दोन-तीन तास काम करायचं, रात्री घरी. टी-शर्ट छापायला टाकलेत, बॅनरला एक जण पैसे द्यायला तयार आहे.

विचारायचं आहे ते असं: किनारा कुठला धरावा, तारकर्ली की कमी गर्दीचा? परवानगी कुणाची लागते? गोळा केलेला कचरा द्यायचा कुणाकडं? आणि फेब्रुवारीत कासवाची पिल्लं सोडतात म्हणे, त्यात काही हातभार लावता येतो का?

कुणी केलंय असं काम? "जाऊ नका" म्हणणाऱ्यांनी कारण पण लिहा.

तांबडापांढरा

एक नंबर भावा! जागा असली तर आमची दोन डोकी धर. फक्त ते बॅनर राहू दे. फ्लेक्सचं असणार, म्हणजे कचरा काढायला जाताना कचरा घेऊनच जायचा.

रंकाळ्याचा कट्टा

मी "जाऊ नका" गटातला, कारणासकट लिहितो.

दीडशे किलोमीटर डिझेल जाळून दुसऱ्याच्या दारात झाडू मारायला जायचं, आणि इथं रंकाळ्याच्या काठावर रविवारी संध्याकाळी भेळेचे कागद उडत असतात त्याकडं कोण बघायचं? पंचगंगेवर जलपर्णी आली की पुलावर थांबून व्हिडिओ काढतो आपण. समुद्र दिसला की मात्र सेवा सुचते, कारण समुद्रावर फोटो छान येतो. कडू वाटेल, पण हे श्रमदान नव्हे, ट्रिपला लावलेलं अत्तर आहे.

आपल्या पोरांनी आधी प्रयाग चिखलीपासून राजाराम बंधाऱ्यापर्यंत काठ साफ करावा. तिथला कचरा शेवटी समुद्रालाच जातो.

पेठेतला पश्या

रंकाळ्यावर आम्ही जातो की. गणपतीत मूर्तिदान, निर्माल्य गोळा करायला आमचीच पोरं असतात. एक केलं म्हणून दुसरं करायचं नाही असं कुठंय? आणि पंचगंगेतला कचरा मालवणात कसा जाईल ते काय कळलं नाही.

चंदगडी

मालवणात नाही जात. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. गगनबावड्याच्या माथ्यावर पडलेला पाऊस घाटाच्या एका अंगाला गेला तर दोन-चार तासांत अरबी समुद्राच्या वाटेला लागतो, दुसऱ्या अंगाला गेला तर अख्खं दख्खन ओलांडून पूर्वेला.

अपवाद आमच्या बाजूचा. तिलारी पश्चिमेला उतरते आणि गोव्यात शापोरा नावानं समुद्राला मिळते. तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातून अरबी समुद्राला थेट काही जात असेल तर ते आमच्या चंदगडातून, बाकी तुम्ही सगळे निर्दोष :)

रंकाळ्याचा कट्टा

नदीतून जात नसेल, पण एमएच ०९च्या, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या गाड्यांच्या डिकीतून जातो त्याचं काय?

तांबडापांढरा

हे मात्र खरं. गेल्या उन्हाळ्यात बघितलं, एका संध्याकाळी किनाऱ्यावरच्या दहा गाड्यांतल्या सहा आपल्याच. एक पठ्ठ्या गाडी थेट ओल्या वाळूत घेऊन गेला रील करायला. चाक रुतलं, वरून भरती. रापणीवाल्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्या) लोकांनी दोर लावून ओढून काढली, तर हा त्यांनाच म्हणतोय जरा जपून, बंपर तुटेल.

देवबागची सून

माहेर उत्तूर, सासर देवबाग. घरच्याच चार खोल्यांत पाहुणे ठेवतो आम्ही. त्यामुळं दोन्हीकडची बाजू मला कळते, आणि दोन्हीकडच्यांनी शिव्या घातल्या तरी चालेल.

पश्या, आधी आमचा गाव डोळ्यांपुढं आण. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्यावरच घरं, माड, विहिरी, देऊळ, शाळा. कचरा पुरायचा म्हटला तर थोडं खणलं की पाणी लागतं. जाळायचा म्हटला तर धूर कुणाच्या तरी पडवीत शिरणारच. डंपिंगला द्यायला इथं मोकळी जमीनच नाही. किनारपट्टीवरच्या बहुतेक लहान गावांची हीच अडचण आहे, आणि वरून येणाऱ्यांना ती दिसत नाही, कारण ते येतात तेव्हा झाडलोट झालेली असते.

हल्ली श्रमदानाचे ग्रुप वाढलेत. पोरं मनापासून येतात, खोटं कशाला बोलू. पण एका ग्रुपनं काळ्या पिशव्या भरल्या, सुरूच्या झाडाखाली रचल्या, पुढं उभं राहून फोटो काढले आणि पाचला बस हलली. रात्री कुत्र्यांनी पिशव्या फाडल्या. दोन दिवसांनी उधाणाचं पाणी वर चढलं आणि सगळं परत समुद्रात, शिवाय त्या काळ्या पिशव्यांची भर. सासूबाई म्हणाल्या, "कचरो काढल्यांनी खंय? एका जाग्यार जमवन ठेवल्यांनी."

तेव्हा "कचरा द्यायचा कुणाकडं" हा तू तिसरा विचारलेला प्रश्न पहिला आहे. त्याचं उत्तर हातात असल्याशिवाय टी-शर्ट छापू नका. माझं म्हणणं सरळ आहे: जेवढं उचलाल तेवढं घाट चढून वर न्यायचं. तुमच्या शहरात भंगारवाले आहेत, कारखाने आहेत, कचऱ्याच्या गाड्या आहेत. आमच्याकडं यातलं थोडंच आहे आणि ते आम्हालाच पुरत नाही. यायच्या आधी ग्रामपंचायतीला कळवायचं. परवानगी म्हणून नुसतं पत्र नको, सरपंचांशी फोनवर बोला. कुठल्या टोकाला जास्त साठतं, कुठं जाळी अडकून पडलीत, हे गाववाल्याला माहीत असतं.

आता कामाचे तीन तास सोडून उरलेल्या वेळाबद्दल. तीस माणसं दोन दिवस राहिली की पाण्याच्या लिटरभर बाटल्या किती होतात ते मोजून बघा. घरून बाटल्या आणा, भरून द्यायचं काम आमचं. आंघोळी आवरत्या घ्या. मार्च उलटला की आमच्या विहिरी मचूळ व्हायला लागतात. टँकरचं पाणी तुमच्या शॉवरला आणि आम्ही मचूळ पाण्यावर, असं होतं मग.

आणि एक बोलूनच टाकते. आपल्याकडची मंडळी शेगडी, गॅस, मसाला, मटण, पत्रावळ्या, द्रोण सगळं घेऊन खाली उतरतात. आमच्याकडून घेतात फक्त सावली आणि समुद्र. पत्रावळ्या मात्र ठेवून जातात.

तांबडापांढरा

मटण पण न्यायचं न्हाई? मग माझं तिकीट कॅन्सल.

(थट्टा हं वहिनी. पण पटलं.)

भरतीओहोटी

मी रत्नागिरी जिल्ह्यातला, शाळेत विज्ञान शिकवायचो. मुलांना घेऊन किनाऱ्यावर बरंच काम केलं आहे. काही गोष्टी लिहितो, उपयोग होईल.

रविवार कुठला धरायचा हे पंचांग बघून ठरवा. आमच्याकडचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या रविवारी आलात तर भर दुपारी बाराला ओहोटी, डोक्यावर ऊन, तीस पोरं तासाभरात माडाखाली. द्वितीया-तृतीयेला भरती दीड-सव्वादोनला येते, म्हणून सकाळी सात-आठला पाणी चांगलं आत गेलेलं असतं. त्या दिवसांत समुद्र हटतोही जास्त. सकाळी सहाला सुरुवात करा, नऊला नाश्ता.

काय उचलायचं यापेक्षा काय उचलायचं नाही हे आधी शिकवा. भरतीच्या रेषेवर पालापाचोळा, शेवाळ, रिकामे शिंपले, लाकडाचे तुकडे पडलेले असतात. शहरातल्या माणसाला तो केर वाटतो. त्यात खेकडे, किडे, त्यांच्यावर जगणारे लहान पक्षी यांचं पोट आहे. शंखात संन्यासी खेकडा राहतो, त्याचं घर तुम्ही फ्लॅटच्या शोकेसला नेता. वरच्या कोरड्या वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. एका उत्साही गटानं ती "तण" म्हणून उपटून काढलेली मी पाहिली आहे. ती वेल वाळू धरून ठेवते. ती गेली की पहिल्याच पावसाळ्यात तिथली वाळू जाते.

ट्रॅक्टरला फळी लावून किनारा सपाट करणं हाही असलाच प्रकार. गुळगुळीत दिसतो, जिवंत राहत नाही.

मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये गेलात तर डांबरगोळे दिसतील, काळे, चिकट. समुद्रात सांडलेलं तेल घट्ट होऊन वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागतं. अनवाणी जाऊ नका. पायाला लागलं तर खोबरेल तेलानं निघतं, साबणानं नाही.

गांधीनगरी

सर, ते पाऊणपटीचं गणित फार आवडलं. कॅलेंडरवर करून बघितलं, मोबाईलमधल्या वेळेशी अर्ध्या तासाच्या फरकानं जुळलं.

वायंगणीचा वारा

कासवांचं मी सांगतो, वेंगुर्ल्याच्या बाजूला थोडं काम करतो म्हणून.

पहिल्यांदा, ही ऑलिव्ह रिडले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे वाघाच्या रांगेत. मादी रात्री वर येते, कोरड्या वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि तासाभरात परत पाण्यात. पहाटे कासवमित्र किनाऱ्यावर चालत जाऊन तिच्या वल्ह्यासारख्या पायांच्या खुणा शोधतात. घरटं धोक्यात असेल तर अंडी अलगद काढून हॅचरीत, म्हणजे अंडी उबायला राखलेल्या जागेत, तेवढ्याच खोलीवर ठेवतात. काढताना अंडं उलटंपालटं झालं तर आतला जीव मरू शकतो. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. वाळू किती तापते यावर नर की मादी हे ठरतं, म्हणून हॅचरीची जागाही कुठंही करून चालत नाही.

यात बाहेरच्या पंचवीस जणांना काम नाही. घरट्याला हात लावायचा प्रश्नच येत नाही. पिल्लू हातात घेऊन फोटो, फ्लॅश, पिल्लांच्या पुढं बॅटरी, हे काहीही नाही. पिल्लं समुद्रावरच्या उजेडाच्या दिशेनं जातात. मागं गाडीचे दिवे, शेकोटी, हॉटेलची हॅलोजन असली की ती उलटी चालायला लागतात आणि सकाळी कावळ्यांना सापडतात. तुम्ही रात्री किनाऱ्यावर शेकोटी करून गाणी म्हणणार असाल तर सकाळी कितीही पिशव्या भरा, हिशोब जुळत नाही.

मदत करायचीच तर नोव्हेंबर ते मार्च किनाऱ्यावर गाडी न्यायची नाही, दुसऱ्यानं आणली तर अडवायची. एमएच ०९वाल्याला एमएच ०९वाल्यानं सांगितलं तर तो ऐकतो, आम्ही सांगितलं की भांडण होतं. चाकाच्या चाकोरीत पडलेलं पिल्लू बाहेर चढू शकत नाही, हे त्याला सांगा.

बघायचं असेल तर रीतसर बघा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये संवर्धन सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव. गावातल्या घरांतच राहायचं, घरचं जेवण, पिल्लं सोडायची ठरलेली वेळ, दोरीच्या मागं उभं राहायचं. कासव वाचलं तर घरात चार पैसे येतात हे गावाला दिसलं, म्हणून ते टिकलं. कोल्हापूरहून वेळास लांब पडतं, पण सिंधुदुर्गातही बऱ्याच किनाऱ्यांवर घरटी होतात. वन विभागाला विचारून या.

रंकाळ्याचा कट्टा

कासवाचं वाचून एक आठवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रह टॅग लावले होते, बागेश्री आणि गुहा. त्यातली बागेश्री खाली केरळ, श्रीलंका करून बंगालच्या उपसागरात पोचली.

म्हणजे चंदगडी म्हणतात तसा आपला पंचगंगेतला कचरा पूर्वेला जातो, आणि गुहागरचं कासवही तिकडंच पोचतंय. घाटानं आपण सुटलो असं समजू नका. माझा मुद्दा कायम: काठ इथलाही धरा.

पेठेतला पश्या

हे मात्र मानलं राव. एक रविवार खाली, एक रविवार नदीवर, असं करूया. नदीवर तुम्ही येणार का?

रंकाळ्याचा कट्टा

येतो की. राजाराम बंधाऱ्यावर, सकाळी साडेसहा.

निळ्या पाण्यातला

स्कूबा, स्नॉर्केलिंग हे ट्रिपमध्ये असणारच, म्हणून लिहितो. मी हौशी डायव्हर, मूळचा राजारामपुरीचा.

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला ज्या पाण्यात उभा आहे तो भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, जवळजवळ २९ चौरस किलोमीटर. किल्ल्याच्या तटाला हात लावताना आपण जपतो, शिवरायांनी बांधलाय म्हणून. त्याच तटाखाली पाण्यात प्रवाळ आहे, त्यावर मात्र पाय देऊन उभं राहतो. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. बारीक जीवांची वसाहत आहे, वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढते. एका लाथेत पंचवीस-तीस वर्षांचं काम मोडतं. आणि तुकडा खिशात घालून आणणं हा गुन्हा आहे, कासवासारखंच प्रवाळही परिशिष्ट १ मध्ये येतं.

माशांना ब्रेड, बिस्किटं टाकून गोळा करतात, व्हिडिओत गर्दी दिसावी म्हणून. हे गिऱ्हाईक मागतं म्हणून चालतं. बोट ठरवतानाच सांगा, "ब्रेड नको, पायाखाली प्रवाळ नको, चालेल ना?" तीस गिऱ्हाइकांचा ग्रुप आहे म्हटल्यावर ऐकतात. दोन-तीन जणांनी सांगितलं की हसतात.

डॉल्फिनचंही तसंच. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुतेक हम्पबॅक डॉल्फिन, जगभरात संकटात असलेली जात. चार बोटी चार बाजूंनी इंजिन फुगवून मागं लागतात. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला सांगावं, इंजिन हळू ठेव, बाजूनं समांतर जा, पुढं आडवं घालू नको. दिसले तर दिसले. "डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत" असल्या बोटीत बसूच नये, त्या अटीनंच पाठलाग होतो.

शिरोलीकर

मी प्लास्टिकच्या धंद्यातला, म्हणून घाट चढून आणलेल्या मालाचं पुढं काय होतं ते सांगतो. वहिनींचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. वर आणलं म्हणजे सुटलं असं नाही.

पेट बाटली, शाम्पू-तेलाचे कडक डबे, तुटक्या खुर्च्या, क्रेट, हे भंगारात जातं, भाव मिळतो. बिअरच्या अख्ख्या बाटल्या पण जातात. कुरकुरीत खाण्याची चकचकीत पाकिटं कुणी घेत नाही. त्यात दोन-तीन थर चिकटलेले असतात, वेगळे करता येत नाहीत. ते सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातं, पण तिथपर्यंत पोचवायची व्यवस्था लागते. थर्माकोल जागा खातं, वजन काही नाही, आणि चुरा झाला की संपलं. समुद्रातला माल मिठाचा, वाळूचा असतो. तसाच आणला तर भंगारवाला तोंड वाकडं करतो. किनाऱ्यावरच झटकून, सुकवून, चार गोण्यांत वेगळा करून आणा. बारदानाच्या गोण्या वापरा, झटकायलाही सोप्या.

सगळ्यात जड काम तुटक्या जाळ्यांचं. नायलॉनची जाळी अर्धी वाळूत पुरलेली असते. तीन पोरांनी "हय्या" करून ओढली तर तुटते आणि उरलेली पुढच्या भरतीला आत जाते. बाजूची वाळू काढून सुऱ्यानं कापत यायचं. कापडी हातमोजे नकोत, जाड रबरी किंवा चामड्याचे. ही जाळी समुद्रात सुटली की कासव, मासे त्यात अडकत राहतात, कुणी ओढायला नसतं तरी. पाकिटांची शंभर पोती काढण्यापेक्षा एक जाळं पूर्ण काढलं तर मी ते मोठं काम समजेन.

बघायचं असेल तर जाता-येता वेंगुर्ल्याचा कचरा प्रकल्प बघा. लहानशी नगर परिषद, पण कचरा घरातूनच वेगळा करून घेतला, डंपिंगच्या जागेचं बघण्यासारखं ठिकाण केलं, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरलं. आम्ही धंदेवाले पण बघायला गेलो होतो.

वायंगणीचा वारा

जाळ्यांवरून मच्छीमारांना झोडपू नका एवढंच. जाळं हजारोंचं असतं, कुणी हौसेनं सोडत नाही. २०१८च्या अखेरीपासून सरकारची योजना आहे, संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून सोडला तर २५ हजारांपर्यंत भरपाई. कासव, डॉल्फिन, देवमासा पण सोडलाय आमच्या लोकांनी. पारंपरिक रापणकर आणि मोठ्या ट्रॉलरवाले यांना एका तागडीत घालू नका.

गांधीनगरी

माशांवरून विचारते. ट्रिपमध्ये मासे खायचे की नाही? इकडं एका ग्रुपवर वाद झाला, जबाबदार पर्यटक म्हणजे शाकाहारी पर्यटक असं कुणीतरी म्हणालं.

भरतीओहोटी

खा की. मच्छीमार जगला तर किनारा राखणारं कुणीतरी राहील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नका. आणि तळहाताएवढं पापलेट ताटात आलं तर परत पाठवा. पापलेट २०२३ पासून राज्यमासा आहे, आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवून दिला आहे. गिऱ्हाइकानं पिल्लं नाकारली तर बाजारात ती येणार नाहीत. बांगडा, तारली खा, स्वस्त आणि चविष्ट. कोल्हापूरकरांना सुरमई आणि पापलेट सोडून मासा माहीतच नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

तांबडापांढरा

सर, सुकट माहिताय आम्हाला. सुकटीचं कालवण आणि भाकरी, नाद नाय करायचा.

आजरा घनसाळ

वाचतोय. एक विचारू का? सगळे किनाऱ्यावरच का जातात? वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवनातली फेरी करतात, २०१७ पासून. आम्ही घरचे सगळे गेलो होतो. इंजिनचा आवाज नाही, ताई झाडाच्या जाती, खेकडे, पक्षी दाखवत होत्या. पैसे थेट त्यांच्याच हातात. पोरांनी मोबाईल खाली ठेवला, हे मी घरात दिवाळीतसुद्धा बघितलेलं नाही. श्रमदान नसेल ते, पण पैसा कुठं टाकायचा हाही निर्णयच आहे की.

चंदगडी

+१. सिंधुदुर्ग १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून मोठ्या हॉटेलांची स्वप्नं बघतायत सगळे. टिकलं काय? घरगुती खोल्या, खानावळी आणि असल्या होड्या.

रंकाळ्याचा कट्टा

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा स्वच्छता दिन असतो. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ मध्ये सुरू झालं. तिथं नुसतं उचलत नव्हते, प्रत्येक वस्तूची नोंद करत होते: किती बाटल्या, किती दोऱ्या, किती सिगारेटची थोटकं. तीस पोरांतल्या दोघांना वही-पेन द्या. आपल्या ब्रँडची किती पाकिटं मिळाली, पाण्याच्या बाटल्या किती, जाळी किती. ती यादी ग्रामपंचायतीला द्या. पुढच्या वेळी कुठली वस्तू किनाऱ्यावर विकायचीच नाही हे त्यांना ठरवता येईल. फोटोपेक्षा ती वही त्यांच्या जास्त कामाची.

(हो, मी आता "जाऊ नका" गटात नाही. "असं जाऊ नका" गटात आहे.)

पेठेतला पश्या

सगळं वाचून पोरांशी बोललो. आता असं ठरतंय:

फ्लेक्स रद्द. त्या पैशांत रबरी हातमोजे, चार सुरे आणि बारदान. टी-शर्ट छापून झालेत, ते घालू, पाठीवर नुसतं "कोल्हापूर" आहे. शेगडी, मटण काही नाही, जेवण तिथंच. तारीख अमावस्येनंतरच्या तृतीयेचा रविवार, सरांच्या गणितानं ओहोटी आठच्या सुमारास. शिरोलीकरांचा टेम्पो शुक्रवारी माल टाकायला सावंतवाडीला जातो, रविवारी रिकामा परत येतो, तो देवबागवरून यायला तयार आहे. म्हणजे गोण्या बसच्या डिकीत कोंबायला नकोत. पाकिटांचं काय करायचं ते तेच बघणार आहेत.

शनिवारी दुपारी स्नॉर्केलिंग, ब्रेडशिवाय. रात्री किनाऱ्यावर शेकोटी नाही, यावर मात्र चार जण रुसलेत. त्यांना वहिनींच्या अंगणात गाणी म्हणता येतील का?

देवबागची सून

दहापर्यंत म्हणा. शेजारी बोटीवर जाणारे आहेत, पहाटे तीनला उठतात.

सरपंचांशी बोलले. ते म्हणतात, किनाऱ्यापेक्षा संगमाकडच्या टोकाला जाळी जास्त साठलीत, तिथं चला. गावातले सात-आठ जण बरोबर येतील, कापायचं कसं ते तेच दाखवतील. पाण्यात कुणीही एकट्यानं उतरायचं नाही, संगमाला ओढ असते. हे पोहता येणाऱ्यांसाठी जास्त लिहितेय, न येणारे घाबरून काठावरच थांबतात. आणि आदल्या रात्री "बसलेला" कुणी सकाळी कामाला नको.

तांबडापांढरा

हे माझ्याकडं बघून लिहिलंय का?

शिरोलीकर

टेम्पो रविवारी अकरापर्यंत थांबेल, त्यानंतर नाही. ड्रायव्हरला करूळ घाट उजेडात चढायचा आहे. गोण्यांवर खडूनं लिहा: बाटल्या, कडक, पाकिटं, जाळी. काच वेगळी, तीही बादलीत, गोणीत नको.

आजरा घनसाळ

माझी दोन नावं धरा. गाडीनं येतोय, मागची सीट रिकामी आहे, गडहिंग्लजकडून कुणी असलं तर सांगा.

देवबागची सून

पश्या, शाकाहारी किती ते बुधवारपर्यंत कळव. सोलकढी सगळ्यांना पुरेल. बांगडे रात्री होडीला काय मिळतंय त्यावर.